खरूज: औषध लावूनही खाज का राहते? आणि खाज नाही त्यांनाही औषध का?

वसतिगृह_आरोग्य:
एकाच खोलीत झोपणाऱ्या मुलांपैकी काही रात्रभर खाजवतात, काहींच्या अंगावर काहीच नसतं. गेल्या वर्षी खरूज झालेल्यांना या वेळी दोन दिवसांतच खाज सुटते. आणि पर्मेथ्रिन (खरजेचा किडा मारणारं मलम) लावून दहा दिवस झाले तरी खाज थांबत नाही. पुन्हा ट्यूब द्यायची का?

त्वचारोग_ओपीडी:
तिन्हींचं मूळ एकच आहे. खरूज कातडीत राहणाऱ्या बारीक किड्यामुळे होते, पण तिची खाज मुख्यतः त्याच्या चावण्याने होत नाही. त्याची लाळ, विष्ठा आणि अंडी यांच्याविरुद्ध आपली प्रतिकारशक्ती उठते, त्याची ती खाज. पहिल्या लागणीत शरीराला ही प्रथिनं ओळखायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मादी कातडीत बोगदा करून रोज २-३ अंडी घालत असते आणि न खाजवणारं मूल शेजाऱ्याला खरूज देत असतं. दुसऱ्या लागणीत ओळख झालेल्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) तयार असतात, म्हणून खाज १ ते ४ दिवसांत सुटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्डला कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर हेच पाहिलं. पुन्हा लागण झालेल्यांना दिवसभरात खाज सुटली आणि त्यांच्या अंगावर किडेही कमी राहिले. तरी पक्कं संरक्षण मिळत नाही. किड्याच्या आतड्यातली काही प्रथिनं आपल्या कॉम्प्लिमेंट यंत्रणेला (रक्तातल्या जंतू मारणाऱ्या प्रथिनांना) अडवतात. त्या आडोशाला स्ट्रेप्टोकोकस हा पू करणारा जंतूही वाढू शकतो. खरूज पिकते ती अशी. पुढे मूत्रपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून पू दिसला की थांबू नका.

औषधपेटी:
दहाव्या दिवसाच्या खाजेवर ट्यूब देऊ नका. किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत असतात आणि खाज २ ते ४ आठवडे राहते. जास्तीच्या पर्मेथ्रिनने कातडी कोरडी पडून खाज वाढते. खोबरेल तेल आणि डॉक्टरांनी दिली तर रात्री ॲलर्जीची गोळी पुरते. नवे बोगदे दिसले किंवा चार आठवड्यांनंतरही खाज असली, तरच पुन्हा उपचार.

मूळ उपचार मात्र चोख हवा. ५ टक्के पर्मेथ्रिन, मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम, मानेपासून तळपायापर्यंत. बोटांची बेचकी, नखांखाली, बेंबी, काखा, जांघा इथे लावायचं राहून जातं आणि तिथूनच खरूज परत येते. अंग कोरडं आणि थंड असताना लावा, ८ ते १२ तास ठेवा, मध्ये हात धुतले तर हातांना परत लावा. अंडी सगळी मरत नाहीत, म्हणून ७ दिवसांनी पुन्हा एकदा तसंच लावा. खोलीतल्या सगळ्यांना, खाज असो-नसो, एकाच रात्री. चादरी-कपडे गरम पाण्यात धुवा. धुता येत नसेल ते पिशवीत घट्ट बांधून किमान ३ दिवस ठेवा.

गोळी हवी असेल तर आयव्हरमेक्टिन किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला १२ मिलिग्रॅम. ७ ते १४ दिवसांनी पुन्हा. १५ किलोखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला ती देत नाहीत.

वसतिगृह_आरोग्य:
दुकानातून आणलेलं क्लोबेटासोल या स्टेरॉइडचं मलम काही मुलं आधीच लावतात. त्याने खाज लगेच थांबते.

त्वचारोग_ओपीडी:
ते आजच बंद करा. स्टेरॉइडने प्रतिकारशक्तीचा आवाज दाबला जातो, किडा जगतोच. पुरळाचं रूप बदलतं, नायटा समजून चुकीची औषधं सुरू होतात आणि लागण पसरत राहते.

याचं टोक म्हणजे खपल्यांची खरूज. साध्या खरजेत अंगावर जेमतेम १० ते १५ माद्या असतात, इथे किड्यांची संख्या हजारोंत, कधी लाखोंत. प्रतिसाद चुकीच्या दिशेला, टीएच-२ कडे (ॲलर्जीसारख्या प्रतिसादाकडे) झुकतो: रक्तात आयजीई (ॲलर्जीतलं प्रतिपिंड) आणि इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) भरपूर, पण किडा आटोक्यात येत नाही. एचआयव्ही, अवयवरोपणानंतरची औषधं, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, अशांत हे जास्त दिसतं. खाज कमी असू शकते, म्हणून निदान चुकतं. हातापायांवर जाड, भुरभुरीत खपल्या आणि जाड झालेली नखं दिसली तर त्या मुलाला वेगळं झोपवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. तिथे आयव्हरमेक्टिनचे अनेक डोस आणि वरून पर्मेथ्रिन, दोन्ही लागतात.