शॉट पुन्हा घ्यायचा का, हे साउंडवाल्यानेही ठरवावं का?

बूमवाली
गेल्या महिन्यात एका विद्यार्थी लघुपटासाठी लोकेशन साउंड केलं, म्हणजे शूटच्या जागीच आवाज रेकॉर्ड केला. स्वयंपाकघरातला प्रसंग, आई आणि मुलगी, दोघींचाही आवाज अगदी खालचा. चौथ्या टेकला आईचं काम करणाऱ्या बाई अशा बोलल्या की हेडफोनमध्ये ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि नेमका त्यांच्या शेवटच्या वाक्याखाली फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला. कट झाल्यावर मी म्हटलं, "अजून एक घेऊ." दिग्दर्शक म्हणाला, "चित्र ओके आहे, घरघर एडिटमध्ये काढू."

निघाली नाही. एकसुरी घरघर सॉफ्टवेअर बरीचशी काढतं, पण बोलणं कुजबुजीचं असलं की घरघरीबरोबर श्वासही जातो, आणि माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. शेवटी ते वाक्य तीन आठवड्यांनी डब केलं. शब्द ओठांवर नीट बसले. पण त्या दिवशी बाईंनी वाक्याच्या मध्येच आवंढा गिळला होता, तो काही परत आला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'पुन्हा' म्हणायचा जो अधिकार कॅमेऱ्यावाल्याला असतो तो साउंडवाल्यालाही हवा. फोकस गेला म्हटलं की सगळे निमूट आपापल्या जागी जातात. आवाज गेला म्हटलं की सगळे घड्याळ बघतात.

पहिली फिल्म
अगदी सहमत. आमच्या सेटवर तर कान लावून ऐकणारं कुणीच नव्हतं. रेकॉर्डर टेबलावर ठेवून दिला होता. घरी येऊन ऐकलं तर अर्ध्या टेकमध्ये आवाज फाटलेला.

दिग्दर्शन करतो
मी असहमत आहे. फोकस आणि आवाज यांची तुलनाच बरोबर नाही. फोकस गेलेलं चित्र नंतर कशानेच दुरुस्त होत नाही. आवाजाला मात्र वाटा असतात. दुसऱ्या टेकमधलं वाक्य उचलून इथे बसवता येतं, कॅमेरा बंद करून तेवढंच वाक्य वाइल्ड घेता येतं, अगदीच काही नाही तर डबिंग आहे. इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक दशकं चित्रपट सर्रास डब होत होते. ते बघून लोक हसले, रडले.

शिवाय प्रकाश जात असतो. खिडकीतून येणारं संध्याकाळचं ऊन वीस मिनिटं टिकतं. लांबून गेलेल्या मोटारसायकलसाठी मी ते घालवू? हेडफोन लावलेल्या माणसाला सगळंच ऐकू येतं, प्रेक्षकाला त्यातलं किती ऐकू येणार, याचा विचार कुणी करायचा? अधिकार दिला तर जबाबदारीही वाटून घ्या. शूट एक दिवस लांबलं तर तो दिवस साउंडवाला आणून देणार आहे का?

एडिट टेबल
मला दोघांनाही थोडं सांगायचं आहे.

'दुसऱ्या टेकमधलं वाक्य उचलू' हे मी नेहमी करतो, पण ते जमायला माइक दोन्ही टेकमध्ये साधारण तेवढ्याच अंतरावर असावा लागतो. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने खाली येतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. लेव्हल वाढवून घेतली तर घुमाराही वाढतो. म्हणून अर्ध्या मीटरवरून घेतलेलं वाक्य आणि दोन मीटरवरून घेतलेलं वाक्य एकाच तोंडचं वाटत नाही. वाइड शॉटमध्ये बूम (माइक लावलेली लांब काठी) फ्रेमच्या वर जाते, क्लोजअपमध्ये खाली येते, आणि मग मला म्हणतात की जुळव.

आणि बूमवाली, फ्रिजचं एक विचारतो. तो शूटच्या आधी बंद का नव्हता? तुम्ही जागा बघायला गेला होतात का? चित्रासाठी सगळे जागा बघायला जातात, ऐकायला कुणी जात नाही. डोळे मिटून पाच मिनिटं उभं राहिलं तरी पंखा, फ्रिज, वरच्या मजल्यावरचा पंप सगळं कळतं. फ्रिज बंद करताना आपली गाडीची किल्ली त्यात ठेवायची, म्हणजे निघताना तो परत चालू करायचं विसरत नाही. तिथे माइक कुठला होता? टाइल्सच्या छोट्या खोलीत लांब शॉटगन माइक फारसा उपयोगाचा नाही, भिंतींवरून परतणारा आवाज तो विचित्र करून आत घेतो. आखूड हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा माइक) बरा.

समोर उभी राहते
मी अभिनय करते, म्हणून या बाजूने सांगते. टेक चालू असताना कुणी हात वर केला की तो मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसतो, आणि तिथून पुढे मी खोटं बोलायला लागते. रडण्याचा प्रसंग पाचव्यांदा करायला लावून 'आवाजासाठी' म्हणू नका.

पण डबिंगची बाजूही मी घेणार नाही. बंद खोलीत, उभ्याने, पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांकडे बघत ते वाक्य म्हणायचं असतं. समोर ती मुलगी नसते. तिचा हात माझ्या हातात नसतो.

बूमवाली
एडिट टेबल, फ्रिजची चूक माझी. मी जागा ऐकायला गेले नव्हते. माइकही शॉटगनच होता, आमच्याकडे दुसरा नव्हता.

टेकच्या मध्ये हात वर करणं चूक आहे, हे मान्य. मी कट झाल्यावरच बोलले होते आणि तसंच असावं. बोलायचं तेही नेमकं: कुठल्या शब्दावर काय आलं. 'आवाज खराब आहे' एवढंच म्हटलं तर दिग्दर्शकाने काय ठरवायचं? 'शेवटच्या वाक्यात कॉम्प्रेसर, बाकी स्वच्छ' म्हटलं की तो फक्त शेवटचं वाक्य घेऊ शकतो.

पण 'नंतर वाइल्ड घेऊ' यातला 'नंतर' मला मान्य नाही. वाइल्ड घ्यायचं तर तिथेच, त्याच मिनिटाला, कलाकार त्याच जागी बसलेला असताना आणि बूम त्याच अंतरावर. जेवणाच्या सुट्टीनंतर तोच माणूस वेगळ्या गळ्याने बोलतो. खोलीतली शांतता रेकॉर्ड करायची असते (रूम टोन), तिचंही तसंच. तीस सेकंद ते एक मिनिट कुणी हलायचं नाही, एवढंच मागते मी, आणि नेमकं तेव्हाच लाइट आवरायला लागतात.

एडिट टेबल
रूम टोनसाठी शंभर वेळा सहमत. तो नसला की प्रत्येक कटवर खोली बदलल्यासारखी वाटते.

दिग्दर्शन करतो
त्याच मिनिटाला वाइल्ड घेणं, हे मला पटतं. पुढच्या शूटला प्रत्येक सीननंतर पाच मिनिटं त्यासाठीच राखून ठेवेन, आणि जागा बघायला साउंडवाल्याला बरोबर नेईन. मोटारसायकलचं म्हणणं मात्र मागे घेत नाही. शेवटचा शब्द माझाच राहील, कारण ऊन जातंय हे मला दिसत असतं.

बूमवाली
शब्द तुमचा राहू दे. तो म्हणण्याआधी एकदा माझे हेडफोन कानाला लावा आणि तो टेक ऐका. ऐकूनही 'चालेल' म्हणालात तर मी वाद घालणार नाही.