लगून-तलावांची नोंद: महिन्याला बाटली, की पाण्यात कायमचा सेन्सर?

मांडवीकर
डभोईजवळच्या वढवाणा तलावाच्या पाण्याची वर्षानुवर्षं नोंद ठेवावी आणि त्यासाठी चिलिकाचा, म्हणजे ओडिशातल्या लगूनचा (समुद्राला मुखाने जोडलेल्या उथळ सरोवराचा) कित्ता गिरवावा, अशी चर्चा वडोदऱ्यात आपल्या मंडळींत सुरू आहे. पहिला पैसा कशावर घालायचा, यावर माझं मत ठाम आहे: आधी बाटली, म्हणजे दर महिन्याला हाताने घेतलेला पाण्याचा नमुना; सेन्सर मागाहून.

चिलिका १९८१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आलं. पुढे गाळाने समुद्राकडचं मुख आखडलं, खारेपणा उतरला, उत्तर भागात नळगवत माजलं आणि १९९३ मध्ये ते धोक्यातल्या पाणथळींच्या माँट्रो यादीत गेलं. सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख उघडलं, २००२ मध्ये ते त्या यादीतून बाहेर पडलं. मुख उघडून काय फरक पडला हे सांगायचं तर त्याआधीचे आकडे लागतात, तेही त्याच जागेवरचे आणि त्याच पद्धतीने काढलेले.

शेवाळाला पोसणारी द्रव्यं, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, अमोनिया आणि सिलिकेट, मोजायची पद्धत म्हणजे काय, तेही सांगतो. बाटल्या १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवायच्या, मग शुद्ध पाण्याने खळबळायच्या. साबणपूड लावायचीच नाही, तिच्यातलं फॉस्फेट थेट आकड्यात उतरतं. पाणी होडीतच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून बर्फात ठेवायचं. न गाळता संध्याकाळपर्यंत राहिलं, तर बाटलीतले सूक्ष्मजीव अमोनिया-फॉस्फेट खातात नाहीतर सोडतात, आणि मोजला जातो तो बाटलीतला कारभार. नायट्रेट-फॉस्फेटचा नमुना उणे २० अंशांना गोठवता येतो. सिलिकेटचा गोठवू नका, सिलिका एकमेकींना चिकटते आणि आकडा कमी येतो. तो ४ अंशांवर ठेवा, तोही प्लॅस्टिकच्या बाटलीत, कारण काचेतून सिलिका सुटते. होडीत कुणी विडी ओढली तरी अमोनियाचा आकडा बिघडतो.

निझामपुरा
बाटलीची शिस्त मान्य, पण ती वर्षातून १२ क्षण पकडते. बाकीचं वर्ष कुठे गेलं? पावसाळ्यातली पहिली मोठी सर शेतातलं खत दोन-तीन दिवसांत आणून ओतते, आणि नमुना घेणारी होडी नेमकी त्या दिवसांत निघत नाही. ऑक्सिजनचं तर याहून वाईट. शेवाळ माजलेल्या पाण्यात दुपारी तो संपृक्ततेच्या (पाण्यात एरवी मावेल त्या मर्यादेच्या) वर जातो आणि पहाटे तळाला लागतो. मासे मरतात ते पहाटे, आपण मोजतो सकाळी ११ ला. अशी २० वर्षांची नोंद दर महिन्याला 'ठीक' सांगेल आणि मासे तरंगतील. दर १५ मिनिटांनी मोजणारं यंत्र लागेलच.

मांडवीकर
निझामपुरा, यंत्र पाण्यात सोडलं की काम संपलं असं धरून चाललात. चिलिकासारख्या खाऱ्या पाण्यात दोन आठवड्यांत भिंगावर चिकट थर चढतो, मागून बार्नॅकल (घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) बसतात. पुसणारा ब्रश असला तरी माणूस जावाच लागतो. नायट्रेटचा प्रकाशीय सेन्सर अतिनील किरणांवर चालतो. खाऱ्या पाण्यातला ब्रोमाइड तेच किरण शोषतो, कुजलेल्या पाल्याचा तपकिरी रंगही शोषतो. दोन्हींची वजावट केली नाही तर आकडा फुगतो. क्लोरोफिलची (शेवाळातल्या हरितद्रव्याची) चमक मोजणारा सेन्सर भर उन्हात कमी दाखवतो. आणि ताळा घ्यायला शेवटी बाटलीच लागते ना?

निझामपुरा
लागते. पण तुमच्या बाटलीच्या वह्याही तपासा. एका वर्षी 'नायट्रेट' लिहिलेलं असतं, पुढच्या वर्षी प्रयोगशाळा बदलते आणि 'नायट्रेट-नायट्रोजन' (नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन) येतं. फरक ४.४३ पटींचा! वाचणाऱ्याला वाटतं, तलाव सुधारला. हा दोष सेन्सरचा नाही.

गोत्री रोड
दोघांनाही माझा विरोध आहे. विरघळलेलं नायट्रेट-फॉस्फेट हाच मुख्य आकडा धरून तुम्ही बसलात. पाणी हिरवंगार असतं आणि नायट्रेट जवळपास शून्य येतं, कारण ते सगळं शेवाळाच्या पोटात गेलेलं असतं. अहवाल म्हणतो, पोषकद्रव्यं कमी, तब्येत उत्तम! म्हणून न गाळलेल्या पाण्यातला एकूण नायट्रोजन, एकूण फॉस्फरस आणि क्लोरोफिल हे तिन्ही हवेतच.

दुसरं, तळाचा गाळ. लोहाला बांधलेला फॉस्फरस तळाशी वर्षानुवर्षं साठतो आणि तिथला ऑक्सिजन संपला की सुटून वर येतो. ओढ्याचं पाणी उद्या स्वच्छ केलंत तरी तलाव सुधारायला वेळ घेतो तो यामुळे. दर दोन-तीन वर्षांनी ठरलेल्या जागी गाळाचे नमुने घ्या. चिलिकात सागरी गवताचा पसाराही मोजा. प्रकाश तळापर्यंत पोचतो की नाही, हे ते गवत कुठल्याही उपकरणाआधी सांगतं. पारदर्शकता मोजायला दोरीने सोडतात ती २० सेंटिमीटरची तबकडी (ती दिसेनाशी होते ती खोली म्हणजे पारदर्शकता) उथळ जागी तळाला टेकेपर्यंत दिसत राहते. तिथे नुसता आकडा लिहू नका, 'तळ दिसला' लिहा, नाहीतर ती खोली पुढे पारदर्शकता म्हणून वापरली जाते.

आणि वढवाणा लगून नाहीच हो! ओरसंगच्या पाण्यावर भरणारा, गायकवाडी काळातला गोड्या पाण्याचा सिंचन तलाव आहे. तिथे भरती-ओहोटी नाही, खारेपणाचा उतार नाही. पाणी सोडलं की पातळी उतरते, म्हणून पातळी आणि साठा न लिहिता फॉस्फरस लिहिलात तर वाढ खताने झाली की पाणी आटल्याने, हे कळणारच नाही. हिवाळ्यात उतरणाऱ्या हजारो पाणपक्ष्यांच्या विष्ठेतूनही फॉस्फरस येतो. हिवाळ्याचा आकडा हिवाळ्याशीच ताडून बघा.

मांडवीकर
एकूण फॉस्फरस आणि पातळी, दोन्ही मान्य. ती वहीत पहिल्या दिवसापासून हवीत. गाळाचंही खरं आहे. पण सरासरीचा मोह टाळा. चिलिकात उत्तरेला महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येतं, मुखाशी समुद्र आत येतो. या दोन्हींची मिळून सरासरी काढली तर ती कुठल्याच जागेची नसते. वढवाण्यालाही पाणी आत येतं ती जागा, मधला भाग आणि सोडण्याचं दार, असे तीन बिंदू वेगळेच ठेवा.

निझामपुरा
मग माझी मागणी एवढीच: मधल्या बिंदूला ऑक्सिजन आणि तापमानाचं एकच यंत्र, तळापासून अर्धा मीटर वर. नायट्रेटचा सेन्सर तूर्त सोडून देतो. पुढे कधी पद्धत बदलली, तर जुनी आणि नवी वर्षभर सोबत चालवायची, त्याशिवाय जुनी बंद नाही.

मांडवीकर
ऑक्सिजनच्या यंत्राला हरकत नाही. अट एक: दर पंधरवड्याला होडी जाईल तेव्हा त्याच खोलीवरची विंकलरची (रसायनांनी ऑक्सिजन मोजायच्या पद्धतीची) बाटली भरायची. ३०० मिलीच्या बाटलीत मँगनीज सल्फेट १ मिली आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड १ मिली, तिथल्या तिथे, बुडबुडा न राहू देता. दोन आकड्यांत लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला, तर आधीच्या भेटीपासूनची यंत्राची नोंद 'संशयित' म्हणून खूण करायची. खोडायची नाही.

गोत्री रोड
आणि खूण कुणी केली, कधी केली, तेही शेजारी लिहा. गाळाच्या नमुन्यांचा खर्च मात्र अजून कुणीच धरलेला नाही, तो पहिल्याच अंदाजपत्रकात घाला.