वडील आयसीयूत, डॉक्टर रोज वेगळंच सांगतायत, नक्की काय समजायचं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, वडील ६८ वर्षांचे, जुनी शुगर. लघवीच्या इन्फेक्शनवरून थंडीताप झाला आणि बघता बघता बीपी इतकं खाली गेलं की थेट आयसीयू, सेप्टिक शॉक म्हणाले. व्हेंटिलेटर लावून आठवडा उलटून गेला. सोमवारी म्हणाले बीपी सुधारतंय, आम्ही जरा खूश, तर मंगळवारी किडनी साथ देत नाहीये डायलिसिस लागेल सही करा. आता फुफ्फुसात पाणी झालंय म्हणे आणि गळ्याला भोक पाडून नळी टाकायची, ट्रॅकिओस्टोमी. आई म्हणते गळा कापायची वेळ आली म्हणजे आशा सोडा. त्यात दोन्ही हात कॉटला बांधलेले, ते बघून तिच्या जिवाचं पाणी होतं. डॉक्टर संध्याकाळी पाच मिनिटं भेटतात, तेवढ्यात काय विचारायचं तेच सुचत नाही. कोणी या लाईनमधलं असेल तर प्लीज सांगा.

भूलतज्ज्ञ_ताई
मी आयसीयूत काम करते. पेशंट बघितलेला नाही त्यामुळे जनरल सांगते. ते वेगवेगळं सांगत नाहीयेत, एकाच गोष्टीचे पुढचे पुढचे भाग आहेत. सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनमुळे सगळ्या शरीराचंच तंत्र बिघडतं तेव्हा, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी पडतं, म्हणून सुरुवातीला सलाईन भराभर द्यावं लागतं, ६० किलोच्या माणसाला पहिल्या तीन तासांत पावणेदोन लिटरच्या आसपास, आणि वर बीपी टिकवणाऱ्या नॉरअॅड्रेनलिन (नॉरअॅड) या औषधाचा पंप. पण त्याच वाहिन्या गळक्याही झालेल्या असतात, मग ते पाणी फुफ्फुसात झिरपतं. किडनीला मधल्या काळात रक्त कमी पडलेलं, ती लघवी करत नाही, म्हणजे पाणी बाहेर जायची वाटच बंद. डायलिसिसनी काढायला जावं तर बीपी परत डुगडुगतं. अँटिबायोटिकचंही तेच, नेमका जंतू कोणता ते सांगणारा कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस, तोवर अंदाजानेच द्यायचं, आणि क्लेबसिएला वगैरे चिवट जंतू निघाला की उरतं कोलिस्टिनसारखं औषध जे स्वतःच किडनीवर जातं. एकाला सांभाळावं तर दुसरं रुसतं, आमची निम्मी ड्युटी याच ओढाताणीत जाते.

ट्रॅकिओस्टोमीला घाबरू नका. तोंडातली नळी फार दिवस ठेवली तर स्वरयंत्राला इजा होते, आणि ती सहन व्हावी म्हणून झोपेचं औषध चालू ठेवावं लागतं. गळ्यातली नळी त्यामानानं सुसह्य, कफ ओढायला सोपी, व्हेंटिलेटर सोडवायलाही मदत होते. पेशंट सुधारला की काढतात, भोक बहुतेक वेळा आपोआप बुजतं.

नाईट_ड्युटी
आयसीयूत ब्रदर आहे. हात बांधतात कारण अर्धवट गुंगीत पेशंट नळी ओढून काढतो, मी स्वतः बघितलंय, मग जी पळापळ होते ती नको. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक नर्स पाहिजे पण बऱ्याच ठिकाणी रात्री एकाकडे दोन-तीन असतात, मग बांधणंच सोपं पडतं, खरं तेच सांगतो. बांधायची गरज अजून आहे का हे रोज विचारा, हक्कानं विचारा. चष्मा, कानाचं मशीन असेल तर द्या. आयसीयूत दिवस रात्र कळत नाही, पेशंट भ्रमात जातो, भलतंच बघतो. झोपेचं औषध कमी करतात तेव्हा घरचं कोणीतरी जवळ बसून आज वार कोणता, घरी कोण आलंय असं बोललं तर फरक पडतो.

स्पष्टवक्ता
बिल वाढवायचे धंदे सगळे. मेलेला माणूस पण ठेवतात व्हेंटिलेटरवर.

भूलतज्ज्ञ_ताई
@स्पष्टवक्ता बिलाचा राग समजू शकते, लुटणारे आहेतच. पण हृदय बंद पडलं तर व्हेंटिलेटर काही करू शकत नाही, तो फक्त हवा ढकलतो, मॉनिटरवर नाडी बीपी कोणालाही दिसतं. आणि उपयोग नाही असं ठरलं तर लाईफ सपोर्ट काढायला सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये परवानगी दिली, २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली, तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं आणि घरच्यांची संमती. प्रत्यक्षात अजून फार कमी ठिकाणी होतं, तिथे आमची लाईन कमी पडते.

@गोदाकाठ पाच मिनिटांत चारच विचारा. नॉरअॅड कालपेक्षा वाढलं का कमी झालं, ऑक्सिजन किती टक्के लागतोय, २४ तासांत लघवी किती, आणि हाक मारल्यावर डोळे उघडतात का. कालचा आकडा लिहून ठेवा.

गोदाकाठ
ताई, दादा, खूप आभार. आज वहीच घेऊन गेलो. ऑक्सिजन ६० वरून ५०, नॉरअॅड कमी केलंय, लघवी मात्र अजून नाहीच. ट्रॅकिओस्टोमीला आई अजून हो म्हणत नाहीये, जळगावहून काका येतायत, तिला हा धागा वाचून दाखवतो.