आद्य, जनक की प्रवर्तक? एका फलकावरून पडलेला प्रश्न

गोदातीर
आमच्या वाचनालयात 'ज्यांनी वाट पाडली' असं भित्तिप्रदर्शन लावतोय. साहित्य, नाटक, चित्रपट, पत्रकारिता, विज्ञान अशी क्षेत्रं, प्रत्येक माणसाचा फोटो आणि खाली चार ओळी. मूळ मजकूर इंग्रजीत आहे आणि त्यात दर दुसऱ्या माणसामागे 'फादर ऑफ' आहे. मी सगळीकडे 'जनक' लिहिलं. आमच्या कार्यवाहांनी निम्म्या ठिकाणी खोडून 'आद्य' केलं आणि दोनचार ठिकाणी 'प्रवर्तक'. विष्णुदास भावे मराठी रंगभूमीचे जनक की आद्य नाटककार? बाळशास्त्री जांभेकरांना 'आद्य पत्रकार' म्हणायची सवय आहे, तिथे 'जनक' कानाला खटकतं. केशवसुतांना मात्र 'आधुनिक मराठी कवितेचे जनक'च म्हणतात, 'आद्य आधुनिक कवी' कुणी म्हणत नाही. तिन्ही शब्दांत नक्की फरक काय? फलक छापायला द्यायचेत, जाणकारांनी सांगावं.

कृष्णाकाठची
मी सांगलीची, म्हणून भाव्यांपुरतं बोलते. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत 'सीतास्वयंवर' झालं, तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्याआधी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते. ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी तसं काही मराठीत करायला भाव्यांना सांगितलं. पण त्या खेळात लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं त्या पदांच्या अनुरोधाने आपल्या मनाने बोलायची. मग 'आद्य नाटककार' म्हणताना आपण कशाला नाटक म्हणतोय? संवाद लिहितो तो नाटककार, असं धरलं तर भाव्यांना तो शब्द लागू करणं अवघड आहे. रंगभूमी मात्र त्यांनी उभी केली. मंडळी जमवली, गावोगाव खेळ नेले, तिकीट लावून पोट भरता येतं हे दाखवलं. माझं मत 'जनक'.

कावेरीकाठ
ताई, क्षमा असावी, पण 'आद्य' आणि 'जनक' दोन्हीला माझी हरकत आहे. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या तंजावरकडचं. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे (राज्यकाळ १६८४ ते १७१२) यांच्या दरबारात मराठी नाटकं लिहिली गेली. 'लक्ष्मीनारायणकल्याण' त्यातलंच. भाव्यांच्या दीडशे वर्षं आधी! आमच्या लहानपणी शाळेच्या पुस्तकात रंगभूमीचा जन्म सांगलीत झाला असं वाचलं की आजोबा पुस्तक मिटून ठेवायचे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं कपाटंच्या कपाटं भरून आहेत. महाराष्ट्रात काही घडलं की ते 'पहिलं', आणि कावेरीच्या काठी घडलं की ते 'त्याआधीचे तुरळक प्रयत्न', हे कसं?

कृष्णाकाठची
आजोबांचं दुखणं समजू शकते. पण तंजावरची नाटकं सांगलीला कुणी पाहिली होती? भाव्यांपर्यंत ती परंपरा पोचलीच नाही. आणि म्हणूनच मला 'पहिला' आणि 'जनक' वेगळे वाटतात. पहिला हा काळाचा प्रश्न आहे. जनक म्हणायचं तर मागे वंश चालायला हवा.

शुद्धमती
मूळ प्रश्नाला कुणी हात घातला नाही. 'अमक्याचे जनक' ही रचनाच इंग्रजीच्या छापातून आलेली आहे. आपल्याकडे जनक म्हणजे बाप किंवा मिथिलेचा राजा. पंथ काढणाऱ्याला 'प्रवर्तक' म्हणत, घराणं काढणाऱ्याला 'मूळपुरुष'. कुलवृत्तान्त उघडून पाहा, वंशावळीच्या माथ्यावर 'मूळपुरुष' असतो, 'घराण्याचे जनक' नसतो. इतका चांगला शब्द घरात असताना उसना छाप कशाला? शिवछत्रपतींनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत केला. आपल्याला एक 'फादर ऑफ' निस्तरता येत नाही.

रानपाखरू
शुद्धमतीताई, 'जनक' म्हणजे उत्पन्न करणारा हा अर्थ इंग्रज यायच्या कितीतरी आधीचा आहे. आश्चर्यजनक, संतोषजनक, लज्जाजनक हे शब्द बघा ना. धातूच 'जन्'. छाप इंग्रजी असेल, शब्द आपला आहे आणि लोकांच्या तोंडात बसलाय. आणि राज्यव्यवहारकोशाचं म्हणाल तर तो करूनही व्हायचं तेच झालं. पुढे शतकभर सगळा महाराष्ट्र 'पेशवे'च म्हणत राहिला. पंतप्रधान हा शब्द शिक्क्यात राहिला आणि पेशवाई इतिहासात. शब्द चालवतात ते लोक.

शुद्धमती
आणि 'दिनांक', 'महापौर', 'दिग्दर्शक' कुणी चालवले? कुणीतरी आग्रह धरला म्हणूनच ना ते आज तुमच्याही लिहिण्यात येतात? माधव जूलियनांचं उदाहरण घ्या. फारसी शिकवणारा माणूस, फारसी-मराठी कोश करणारा, मराठीत गझल रुजवणारा. त्यांनीच पुढे १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिलं आणि स्वतःच्या जुन्या कवितांतले फारसी शब्द बदलायला घेतले. भाषेचा आग्रह अडाणीपणातून येतो असं मानणाऱ्यांनी या माणसाकडे बघावं.

रानपाखरू
बघितलंय. आणि त्यांच्या शुद्ध केलेल्या ओळींपेक्षा मूळच्या फारसीमिश्रित ओळीच मला जास्त आवडतात. हा माझा वैयक्तिक कौल.

दस्तलेखक
चर्चा जनकावर आली म्हणून लिहितो. माझं आयुष्य दुय्यम निबंधक कचेरीच्या व्हरांड्यात दस्त लिहिण्यात गेलं. दत्तकपत्रात 'जनक' हा शब्द रोजच्या वापरातला आहे. ज्याच्या पोटी मूल जन्मलं तो जनक पिता, ज्याच्या मांडीवर दिलं तो दत्तक पिता. 'सदर मुलाचा जनक कुटुंबाशी असलेला संबंध आजपासून संपुष्टात आला असून' असं वाक्य असतं. म्हणजे आमच्या धंद्यात जनक म्हणजे ज्याने जन्म दिला आणि पुढे सोडून दिलं तो. वाढवणारा, नाव देणारा, वारसा देणारा दुसराच. आता तुमच्या फलकांवरच्या माणसांना हे लावून पाहा. कृष्णाकाठच्या ताई म्हणतात जनक म्हटलं की मागे वंश चालला पाहिजे. कायद्याच्या भाषेत नेमकं उलट आहे. वंश दत्तकाकडे चालतो.

कृष्णाकाठची
काका, हे फार सुंदर आहे. म्हणजे तंजावर जनक आणि सांगली दत्तक?

कावेरीकाठ
त्याला माझी हरकत नाही. निदान दस्तावर आमचं नाव तरी येईल.

दस्तलेखक
आणखी एक. जुन्या हिंदू कायद्यात 'द्व्यामुष्यायण' असा प्रकार होता. मूल दत्तक गेलं तरी जनक आणि दत्तक दोन्ही घरांचा मुलगा राहायचं, दोन्हीकडे पिंडदान, दोन्हीकडे वाटा. १९५६ च्या कायद्यानंतर ते बंद झालं. मराठी संगीत नाटक मला तसं वाटतं. भाव्यांचंही आणि १८८० मध्ये 'शाकुंतल' करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांचंही. वाटा दोघांचा.

पुरंदरचा पाहुणा
'आद्य'वरून आमच्याकडे मारामाऱ्या होतात. वासुदेव बळवंत फडके 'आद्यक्रांतिकारक' हे शाळेत पाठ केलं. त्यांचं बंड १८७९ चं, मृत्यू एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये. पण आमच्या पुरंदरात भिवडीच्या उमाजी नाईकांना 'आद्यक्रांतिवीर' म्हणतात आणि ते फडक्यांच्या आधीचे, जवळजवळ अर्धं शतक आधीचे. रामोशी समाजाच्या माणसाला इतकी वर्षं दरोडेखोर म्हणायचं आणि त्यानंतर आलेल्याला 'आद्य', हे आमच्या जिव्हारी लागतं. त्यामुळे 'आद्य' लिहिताना नुसता शब्दकोश बघून भागत नाही. तो शब्द लावला की दुसऱ्या कुणाचं तरी नाव आपोआप पुसलं जातं. 'जनक'ने तेवढं होत नाही, कारण जनक एका प्रवाहाचा असतो.

शुद्धमती
पाहुण्यांचा मुद्दा मान्य, पण 'आद्य' हा शब्द मुळात माणसांना इतका स्वस्तात लावायचाच नाही. ज्ञानेश्वरीची पहिली ओवी आठवा. 'ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या ।' तिथे आद्य कोण? ज्याच्याआधी काहीच नाही तो. माउलींनी १२९० मध्ये ज्याला हा शब्द वाहिला, तो आपण प्रत्येक तालुक्याच्या पहिल्या छापखानदाराला लावतो.

बोरू
शुद्धमतीताई, मग आद्य शंकराचार्यांचं काय? तिथे 'आद्य' केवळ ओळखीपुरता आहे. पीठावर बसणारे सगळेच शंकराचार्य, म्हणून पहिल्याला आद्य. मला तर हाच सर्वांत काटेकोर वापर वाटतो. ज्या पदावर पुढे आणखी माणसं आली, त्यातल्या पहिल्याला आद्य. पत्रकार पुढे शेकडो झाले, म्हणून ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढणारे जांभेकर आद्य पत्रकार. केशवसुतांनंतर दुसरे केशवसुत नाहीत, म्हणून ते जनक. कवितेचेच बघा. 'विवेकसिंधु' लिहिणारे मुकुंदराज आद्यकवी, पण वाल्मीकी आदिकवी. आदि आणि आद्य एकच असते तर दोन वेगळी बिरुदं कशाला झाली असती?
जाता जाता, संस्कृतात 'अद्' म्हणजे खाणे या धातूपासूनही 'आद्य' होतो आणि त्याचा अर्थ 'खाण्याजोगे' असा आहे. माझा जुना सिद्धांत असा की दोन्ही अर्थ एकाच जागी मिळतात. अन्न हेच आधीचं, बाकी सगळं नंतर.

शुद्धमती
बोरूजी, सिद्धांत सुंदर आहे पण व्युत्पत्ती दोन वेगळ्या आहेत. एक 'आदि'पासून, एक 'अद्'पासून. त्यांना एका ताटात बसवू नका.

रानपाखरू
बोरूंचा नियम फाळक्यांना लावून बघते. तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ चा, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ चा, दोन्ही चित्रपट मुंबईच्या कोरोनेशन थिएटरातच लागले. तोरण्यांनी नाटकाचा प्रयोग कॅमेऱ्यासमोर लावला होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली. फाळक्यांनी कॅमेरा आणला, फिल्म घरी धुतली, माणसं शिकवली, पुढे चित्रपटांमागून चित्रपट काढले. मग तोरणे आद्य आणि फाळके जनक, बरोबर? मला हे पटतं. तारखेचा मान एकाला आणि कामाचा दुसऱ्याला, कुणाचंच नाव पुसायला नको.
पण एक विचारायचंय. बाईला काय म्हणायचं? १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे या स्त्रीवादी लेखनाच्या कोण? 'जनक' पुल्लिंगी. 'जननी' म्हटलं की लगेच पाळणा दिसतो, बुलढाण्यातून पेटून लिहिणारी बाई दिसत नाही. म्हणून सगळे 'आद्य स्त्रीवादी' लिहून सुटका करून घेतात. महदंबाही 'आद्य कवयित्री'. म्हणजे बायकांच्या वाट्याला फक्त काळ येतो, कर्तृत्व येत नाही.

कृष्णाकाठची
हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. 'प्रवर्तक' दोन्हीकडे चालतो, हवा तर 'प्रवर्तिका'. मला 'प्रवर्तक'च बरा वाटतो. लेखक, संपादक आता आपण बायकांनाही म्हणतोच की.

शुद्धमती
'प्रवर्तिका' व्याकरणशुद्ध आहे, तोच लिहावा. 'लेखिका' चालते तर ही का नको?

गोदातीर
मंडळी, आभार. 'प्रवर्तक' सगळ्यांना चालेल असं दिसतंय, पण कार्यवाह म्हणतात 'रंगभूमीचे प्रवर्तक' हे सरकारी वाटतं. मी आता भाव्यांच्या फलकावर शब्दच टाळलाय. 'मराठी रंगभूमीचे बीज ज्यांनी सांगलीत रोवले ते विष्णुदास भावे' असं केलंय. चालेल?

पुरंदरचा पाहुणा
बीज रोवत नाहीत हो, पेरतात! रोवतात ती मेढ. मुहूर्तमेढ रोवली म्हणा. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब, बाकीचा मांडव नंतर. भाव्यांना नेमका बसतो.

झाडीबोली
इतके दिवस वाचत होतो, आता राहवत नाही. आम्ही भंडाऱ्याचे. आमच्याकडे धानाची रोवणी असते. आषाढात पऱ्हे उपटून चिखलात रोवतात, बाया वाकून रोवणीची गाणी म्हणतात. त्यामुळे रोवतात ती फक्त मेढ, हे पुण्याकडचं झालं. पऱ्हेही रोवतात.

पुरंदरचा पाहुणा
पऱ्हे रोवतात, मान्य. पण ते रोप झालं. गोदातीर यांनी बीज लिहिलंय. बीज रोवलं तर ते उगवेल कसं?

बोरू
कोकणात याच कामाला 'लावणी' म्हणतात. आणि माझं ठाम मत आहे की तमाशातली लावणी तिथूनच आली. शेतात भात लावताना म्हणायचं गाणं ते लावणी. लावण्यावरून लावणी ही नंतर बसवलेली व्युत्पत्ती आहे.

शुद्धमती
बोरूजी, लावणीतले शब्द एकापुढे एक लावत जायचे म्हणून लावणी, हेही मत आहेच. आणि रामजोशी, होनाजी बाळा, अनंत फंदी यांच्यापैकी भाताच्या शेतात कोण उतरलं होतं? सोलापूर, पुणे, संगमनेर. भाताची लावणी करणारा यात एक तरी मुलूख आहे का?

झाडीबोली
पुण्याच्या पश्चिमेला मावळ आहे ताई. तिथे भातच होतो.