पावसाळी हिवाळ्यात कीटकभक्षी झाडांच्या कुंड्यांना पाणी किती द्यावे?

प्रश्न (कुंडीवाला):
मँचेस्टरमधील आमच्या मागच्या अंगणात सॅरासेनियाच्या दोन कुंड्या व एक व्हीनस फ्लायट्रॅप आहे, शिवाय खिडकीत मेक्सिकन बटरवर्ट आहे. उन्हाळ्यात सर्व कुंड्या मी पाण्याच्या ताटलीत ठेवतो. ऑक्टोबरपासून मात्र पाऊस थांबतच नाही, ताटल्या काठोकाठ भरलेल्या असतात आणि फ्लायट्रॅपची पाने काळी पडत आहेत. ताटल्या काढाव्यात, की झाडे मुळात दलदलीतलीच म्हणून राहू द्याव्यात?

उत्तर (दलदल):
केवळ काळ्या पानांवरून पाणी जास्त झाले असे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील कॅरोलायनाच्या किनारपट्टीवर, म्हणजे फ्लायट्रॅपच्या मूळ प्रदेशातही, ते हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते, जुनी पाने वाळतात आणि मातीलगत आखूड पानांचा झुबका तेवढा उरतो. तो घट्ट व हिरवा असेल तर चिंता नसावी; लिबलिबीत लागला तर कंद कुजू लागला आहे. तरीही फ्लायट्रॅपची ताटली काढून कुंडी विटांवर ठेवा, कारण सुप्त झाड पाणी फारसे ओढत नाही आणि पाण्यात बुडालेल्या पीटमध्ये (कुंडीतल्या दलदली शेवाळाच्या मातीत) हवा खेळत नाही. वरून पडणारा पाऊस खालून वाहून गेला, तर त्याने काही बिघडत नाही. मेलेली पाने कापून टाका, नाहीतर त्यांवर करडी बुरशी धरते. सॅरासेनिया अधिक सोशीक असते. तिच्या ताटलीत सेंटिमीटरभर पाणी राहिले तरी चालते.

उत्तर (सडा):
बटरवर्टला हा नियम लावू नये. बहुतेक मेक्सिकन जाती कोरड्या हिवाळ्याच्या प्रदेशातील असून थंडीत त्या लहान, मांसल पानांचा गुच्छ धरतात. तेव्हा माती जवळजवळ कोरडी ठेवावी आणि नवी रुंद पाने दिसू लागल्यावरच पाणी वाढवावे. कीटकभक्षी झाड म्हणजे बारमाही ओल, हा समज आपण तरी धरू नये, कारण कास पठारावरची दवबिंदू (ड्रॉसेरा) या कीटकभक्षी वनस्पतीची एक जात पावसाळा सरताच बी टाकून मरून जाते.

उत्तर (दलदल):
एक राहिले. ताटली काढल्यावर कोरड्या, बोचऱ्या वाऱ्याच्या आठवड्यात कुंडीकडे लक्ष असू द्या; पीट एकदा पूर्ण वाळले की सहजासहजी पाणी धरत नाही. त्यासाठी पावसाचे पाणी साठवून ठेवा. ते संपलेच तर मँचेस्टरच्या नळाचे पाणी अधूनमधून चालेल, कारण लेक डिस्ट्रिक्टमधून येणाऱ्या त्या पाण्यात क्षार कमी असतात. लंडनमध्ये मात्र मी हा सल्ला दिला नसता.