प्रत्येक टिंबाआधी प्रश्नचिन्ह लावणं थांबवा

अर्धविराम: परवा इथेच जावास्क्रिप्टबद्दल सल्ला वाचला: 'एपीआयचा (दुसऱ्या सर्व्हरकडून येणारा) डेटा वाचताना प्रत्येक टिंबाआधी प्रश्नचिन्ह टाका, पान कधी पडणार नाही.' पान पडणार नाही, पण चूकही दिसणार नाही! `ऑर्डर?.ग्राहक?.पत्ता?.पिन` लिहिलंय आणि उद्या सर्व्हरने `पत्ता` काढून `पत्ते` हा यादीवजा अ‍ॅरे पाठवला, तर `?.` मुळे एरर न येता गपचूप अनडिफाइन्ड (म्हणजे 'किंमतच नाही') मिळतं. साधं टिंब असतं तर टाइपएरर (नसलेल्या गोष्टीतून वाचल्याची चूक) नेमका त्या ओळीवर आला असता. प्रश्नचिन्ह फक्त खरोखर ऐच्छिक फील्डला.

रात्रपाळी: आणि गिऱ्हाइकाला पांढरं पान दाखवायचं? रिअ‍ॅक्ट या पानं बांधायच्या लायब्ररीत रेंडर करताना (पान पडद्यावर मांडताना) एक टाइपएरर आला की अख्खं अ‍ॅप उतरतं. `अ && अ.ब && अ.ब.क` लिहून लोक वैतागले होते, म्हणून ईएस२०२० मध्ये (जावास्क्रिप्टच्या २०२० च्या आवृत्तीत) `?.` ची सोय आली.

अर्धविराम: एरर बाउंड्री (चूक एका भागापुरती अडवणारं रिअ‍ॅक्टचं कुंपण) लावली की अख्खं उतरत नाही. डेटा आत येतो तिथेच झॉडने (डेटाचा आकार तपासणाऱ्या लायब्ररीने) तपासा. शिवाय `अ?.ब.क` मध्ये अ नल (मुद्दाम रिकामं ठेवलेलं) असेल तर पुढची साखळी तिथेच थांबते. दुसरं प्रश्नचिन्ह ब नसण्याची शक्यता असेल तरच.

निळा_पेन: त्याहून घातक डिफॉल्ट, म्हणजे किंमत नसेल तेव्हा लावायची किंमत. `बिल.सूट || १०` मध्ये सूट ० असली तरी १० लागते. `??` वापरा, ते फक्त नल किंवा अनडिफाइन्ड असेल तरच डिफॉल्ट लावतं. लोडॅश लायब्ररीच्या `get` फंक्शनवर विसंबू नका, तिथे डिफॉल्ट फक्त अनडिफाइन्डला लागतो, नल तसाच बाहेर येतो.

ठोकताळा: खरा घोळ अ‍ॅरेत आहे. ५,००० ऑर्डरींच्या लूपमध्ये २,००० ग्राहकांवर फाइंड (यादीत एकेक तपासत शोधणं), म्हणजे वाईटात वाईट १ कोटी तुलना. आयडीवरून एकदाच मॅप (की दिली की थेट नोंद देणारी रचना) बांधा.

रात्रपाळी: साधा ऑब्जेक्ट पुरतो. मॅप जेसनमध्ये स्ट्रिंगिफाय करून (डेटा पाठवायच्या मजकुरात बदलून) बघा, रिकामं `{}` मिळेल.

ठोकताळा: आधी ऑब्जेक्ट नीट समजून घ्या! अंकी कीज चढत्या क्रमाने लागतात, सर्व्हरने लावलेला क्रम गेला. 'constructor' ही की शोधलीत तर न टाकताही फंक्शन हाती येतं.

रात्रपाळी: आणि तुमच्या मॅपला १२ आणि '१२' वेगळे! यूआरएलमधला आयडी स्ट्रिंग, एपीआयचा आकडा, मग मॅपच्या `get` मधून अनडिफाइन्ड. ऑब्जेक्टमध्ये हे होतच नाही.

ठोकताळा: हे मात्र बरोबर. बांधताना आणि शोधताना, दोन्हीकडे आयडी स्ट्रिंग करून घ्या. पण फाइंडमध्ये `===` (प्रकारही जुळवणारी तुलना) असेल तर तिथेही हेच होतं, एकट्या मॅपला दोष नको.

अर्धविराम: तो आयडीही झॉडमध्येच एका प्रकारचा करा, मग हा वादच उरत नाही.

रात्रपाळी: बरं, बाउंड्री आणि झॉड मान्य. पण परक्या एपीआयची ऐच्छिक फील्डं कागदावर नसतात, तिथली माझी प्रश्नचिन्हं मी काढणार नाही.