चित्रातला चोर ओळखा: गाडीखालची जमीन कोरडी एवढ्यावर माणूस चोर ठरतो काय?

मंगळवारपेठी_गडी:
नमस्कार मंडळी. आमच्या घरच्या ग्रुपवर भाची रविवारचं एक चित्रकोडं टाकते, ह्या वेळच्या कोड्यावरनं घरात रण पेटलंय म्हणून इथं विचारतोय. चित्र असं हाय: बंगला, पाऊस नुकताच थांबलाय, अंगणात डबकी. खिडकीची काच फुटलीय आणि तुकडे सगळे बाहेर कुंड्यांपाशी पडल्यात. दागिन्यांचा डबा गायब. तिघं जण उभे. वॉचमन म्हणतो, आवाज आला, चोर खिडकीतनं आत शिरला असणार. पुतण्या म्हणतो, मी पाऊस उघडल्यावर आत्ताच आलो. कामवाल्या मावशी म्हणतात, मी दुपारपासनं स्वयंपाकघरात. पुतण्याची मोटरसायकल उघड्यावर लावलीय आणि तिच्याखाली तेवढा जमिनीचा पट्टा कोरडा. उत्तरात पुतण्या चोर. माझं म्हणणं, काच आतनं फुटलीय म्हणजे वॉचमन पण खोटंच बोलतोय की, मग त्याला का सोडला? आणि असली चित्रं बघायची तरी कशी, आधी माणसांचं बोलणं वाचायचं का आधी चित्र बघायचं?

रंकाळा_चौपाटी:
भावा वॉचमन खोटं बोलत नाही, तो अंदाज सांगतोय. "असणार" म्हणालाय बघ. आवाज आला एवढंच त्याचं स्वतःचं, बाकी सगळं डोक्यातलं. पुतण्या मात्र स्वतः काय केलं ते सांगतोय आणि ते चित्राशी जुळत नाही. गाडी पाऊस यायच्या आधीपासनं तिथं उभी असल्याशिवाय खालचा पट्टा कोरडा राहायचा नाही, आणि नंतर ओल्या अंगणातनं आली असती तर चाकाचा माग उठला असता, टायरवरनं पाणी गळालं असतं. तो माग चित्रात हाय का ते बघ, नसला तर विषयच संपला. आता खोटं बोलला म्हणून डबा त्यानंच उचलला काय, तर कोर्टात टिकणार नाही, पण कोड्यात चालतंय. असल्या कोड्यात जे कुणाच्या तरी बोलण्यावर आपटतंय तेच कामाचं, बाकी नुसती सजावट.

काचेचं म्हणशील तर एक सांगतो. काच फुटली की बरेच तुकडे फटक्याच्या पुढच्या बाजूला जातात हे खरं, पण थोडा चुरा उलटा मारणाऱ्याच्या अंगावर पण उडतो. म्हणून एखादा तुकडा बघून ठरवायचं नाही, ढीग कुठल्या बाजूला हाय ते बघायचं.

उन्हातला_कॅमेरा:
लग्नाचे फोटो काढतो त्यामुळे माझी नजर आधी सावलीवर जाते. सावलीवरची कोडी लई असतात आणि तिथं आपल्याकडची माणसं हमखास गंडतात, कारण बरीचशी कोडी लंडन-बिंडनकडची. तिकडं भर दुपारी सावली बाराही महिने उत्तरेलाच पडते. आपलं कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तरेला, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर, आणि मधल्या काळात दुपारची सावली चक्क दक्षिणेला. त्यामुळे गोष्ट कुठली आणि महिना कुठला ते बघितल्याशिवाय सावलीवरनं कुणाला धरू नका.

सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही हे आपल्याला वेगळं शिकवायला नको खरं तर. अंबाबाईचा किरणोत्सव बघा, मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर येतात तो, देऊळ पश्चिमेला तोंड करून, परंपरेनं ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. हे दोनच मुहूर्त का? २२ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो, त्याच्या अलीकडं-पलीकडं मोजा, दोन्ही साधारण सारख्याच अंतरावर येतात. दक्षिणेकडं सरकताना सूर्य ज्या ठिकाणी मावळतो, परत येताना पुन्हा त्याच ठिकाणी मावळतो. एखाद्या कोड्यात संध्याकाळचं ऊन खिडकीतनं थेट समोरच्या भिंतीवर पडलेलं दाखवलं असेल, तर त्यावरनं नुसती वेळच नाही, वर्षातला काळ पण काढता येतो.

निवांत_म्याडम:
आधी वाचायचं का आधी बघायचं, ह्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. यार्बस नावाचे एक रशियन संशोधक होते, त्यांनी माणसाची नजर चित्रावर कशी फिरते ते टिपलं होतं. चित्र एकच, पण ही माणसं श्रीमंत का गरीब असं विचारलं की नजर एकीकडं आणि त्यांची वयं किती असं विचारलं की दुसरीकडं. म्हणजे प्रश्न वाचला की डोळे त्याच्या मागनं जातात. ह्यात फायदा आहे तसा तोटा पण आहे. १९९९ चा तो गोरिलाचा प्रयोग आठवा, बॉलचे पास मोजायला सांगितले तर मधनं गोरिलाच्या वेशातला माणूस छाती बडवत गेलेला जवळपास निम्म्या लोकांना दिसलाच नाही. म्हणून मी मुलांना आधी काही न वाचता चित्र बघायला लावते, दिसेल ते मोठ्यानं बोलायचं, "गाडीखाली कोरडं" असं नुसतं, "म्हणून" हा शब्द काढायचा नाही. मग बोलणं वाचायचं आणि एकेक वाक्य चित्रावर ठेवून बघायचं. वेळ जास्त लागतो पण पोरं कंटाळत नाहीत.

रंकाळा_चौपाटी:
म्याडम, मोठ्या माणसांना एवढा दम कुठला. मी आधी बोलणंच वाचतो, सरळ खोटं शोधायला लागतो.

मंगळवारपेठी_गडी:
वॉचमनचं पटलं, "असणार" कडं लक्षच नव्हतं कुणाचं. चाकाचा माग झूम करून बघितला, नाही. आता अजून एक: भाचीनं दुसरं चित्र टाकलंय, आरशात भिंतीवरचं घड्याळ दिसतंय, ३:४०. खानावळीचा मालक म्हणतो मी साडेआठला कुलूप घातलं, आणि दाराला कुलूप तर लटकतंय. फसवतंय का हे?

निवांत_म्याडम:
आरशातली वेळ बारातनं वजा करायची. म्हणजे खरे ८:२० वाजलेत. साडेआठच्या आधीच कुलूप लागलंय, मालकाला धरा. फक्त घड्याळावर आकडे असतील तर ते पण उलटे काढलेत का तेवढं बघा, चित्रकार विसरला असेल तर कोडंच बाद.

उन्हातला_कॅमेरा:
आणि एआयनं काढलेलं असेल तर सोडूनच द्या. परवा एकात माणसाला सहा बोटं, आम्ही अर्धा तास तोच पुरावा म्हणून भांडत बसलो.